क्लंबर पार्कमधली पाडलेली हवेली कशी शोधावी

नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लंबर पार्कची मोठी हवेली १९३८ मध्ये पाडली. न्यूकॅसलच्या ड्यूकांची ही जागा पुढे १९४६ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे (वारसास्थळं जपणारी ब्रिटिश संस्था) आली. सुमारे ३,८०० एकरांत आता कुणीही फिरू शकतं. बहुतेक जण लाइमच्या झाडांच्या दुहेरी रांगा (लिंबाशी संबंध नाही, ही लिंडनची झाडं) पाहून परततात. जवळपास तीन किलोमीटरच्या त्या रांगा देखण्या आहेत, पण हवेली शोधायची तर तळ्याकाठी जा.

निघण्यापूर्वी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा जुना पंचवीस इंची (एका मैलाला सुमारे पंचवीस इंच) नकाशा उतरवून घ्या. त्याचं प्रमाण १:२,५००, म्हणजे मूळ आकाराच्या कागदावर ४ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय निवडलात की हे गणित कोलमडतं.

नकाशा जागेवर बसवायला दोन पक्क्या खुणा लागतात. एक चॅपल (हवेलीजवळचं चर्च), दुसरी तळ्यावरचा जुना दगडी पूल. वास्तुकार बॉडलीने आखलेलं चॅपल १८८९ मध्ये पुरं झालं, त्यामुळे त्याआधी मोजणी झालेल्या नकाशात ते सापडणार नाही. मोजणीचं वर्ष आधी तपासा. तळ्याच्या काठावर मात्र विसंबू नका. कोळशाच्या खाणींमुळे इथली जमीन खचलेली आहे.

हवेलीची बाह्यरेषा जमिनीवर आखून ठेवली आहे आणि ड्यूकची अभ्यासिका अजून उभी आहे, तेव्हा मुख्य इमारत सहज कळते. खरी गंमत त्या आखणीबाहेर, बागेतल्या वाटांमध्ये आणि पायऱ्यांमध्ये आहे. त्यासाठी उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे पाऊस नसताना जा. गाडलेल्या दगडावर मातीचा थर पातळ असतो, तो आधी सुकतो आणि तिथलं गवत पिवळं पडतं. बुजवलेल्या चरावर उलट: माती खोल, ओल टिकते, गवत हिरवं राहतं. एक चांगला पाऊस झाला की काही दिवसांत सगळं पुसलं जातं. हिवाळ्यात गेलात तर सकाळचं तिरपं ऊन पकडा. उंचवट्यांच्या सावल्या तेव्हाच उठतात.

सरळ, अरुंद, एकटी रेषा दिसली तर आधी पाण्याच्या पाइपाचा संशय घ्या. भिंती सहसा काटकोनात दुसऱ्या रेषेला भेटतात. ड्रोन आणि मेटल डिटेक्टर घरीच ठेवा, ट्रस्टच्या जागेत परवानगीशिवाय दोन्ही चालत नाहीत. उंचीवरून फोटो हवा असेल तर लांब काठीला फोन बांधून टायमर लावा.