तंजावर एका दिवसात: सकाळी देऊळ, दुपारी वाडा

बृहदीश्वराचं देऊळ सकाळी सहालाच गाठा. दुपारी साडेबाराच्या सुमारास दर्शन बंद होतं ते चारपर्यंत. त्याच्याही आधी दगडी फरसबंदी अशी तापते की अनवाणी प्रदक्षिणा पुरी होत नाही. चपला बाहेरच ठेवाव्या लागतात, म्हणून पिशवीत जाड पायमोजे असू द्या. तिरुचिरापल्लीहून रेल्वेने येणं सोयीचं. नवा बसस्टँड गावाबाहेर आहे आणि तिथून पुन्हा शहर बस धरावी लागते.

राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं हे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 66 मीटर उंच आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं ऐकवलं जातं. ते खरं नाही: सकाळी पश्चिमेच्या बाजूला उभे राहा, सावली पायाशीच असते.

मराठी माणसाने मात्र नैर्ऋत्य कोपरा सोडू नये. आत शिरल्यावर प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे डावीकडून निघा. तिकडच्या प्राकाराच्या (देवळाभोवतीच्या आवाराच्या) भिंतीवर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे, मराठीत आणि देवनागरीत. समोरून अक्षरं सपाट दिसतात. जरा तिरकं उभं राहिलं की उठून येतात. उठावासाठी त्यावर खडू किंवा पाणी अजिबात लावू नका, दगड खराब होतो. एवढा मजकूर घाईत वाचून होत नाही, अर्धा तास हाताशी ठेवा.

दहानंतर वाड्यात जा. नायक घराण्याच्या राजांनी बांधलेल्या या वाड्यात व्यंकोजीराजांचे वंशज 1855 पर्यंत राजे म्हणून नांदले. बुधवारी येऊ नका, वाड्यातल्या सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. तिकीट घेताना त्यात कोणकोणते विभाग येतात ते विचारून घ्या. कलादालनात तिरुवेंकाडूचा कांस्य वृषभवाहन शिव शोधाच. जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, आणि शेजारचा नंदी हरवल्यामुळे त्यावर टेकलेला हात तेवढा अधांतरी राहिलेला. चोळांच्या ओतकामाची ताकद इथे कळते.

ऊन उतरल्यावर देवळालगतच्या शिवगंगा बागेत 1779 चं श्वार्ट्झ चर्च पाहा. आतल्या संगमरवरी शिल्पात मृत्युशय्येवरच्या गुरूजवळ, म्हणजे मिशनरी श्वार्ट्झजवळ, उभे सरफोजी दिसतात. दुसरा दिवस असेल तर दारासुरमचं चोळकालीन देऊळ किंवा कल्लणै हा कावेरीवरचा प्राचीन बंधारा, दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. दिशा वेगळ्या आहेत.