स्विस सैनिकी चाकू अडकायला लागला तर

नात्यातल्या कुणी परदेशातून आणून दिलेला चाकू आधी ओळखा. स्विस सैनिकाला मिळतो तो लाल नसतो, लाल बाजारासाठी. सैनिकी चाकू सुरू झाला १८९१ मध्ये, तेव्हाची रायफल खोलायला आणि जेवणाचा डबा फोडायला. १९६१ पासूनचा नमुना चंदेरी ॲल्युमिनियमचा. त्याच्या पात्याला लॉक नाही, बुडाशी सालाचे दोन आकडे कोरलेले असतात. २००८ चा नमुना हिरवा-काळा, मिटल्यावर १११ मिलिमीटर, आणि त्यात पातं अडकवणारी पत्ती आहे.

आपल्याकडे घोळ होतो तो या पत्तीपाशीच. वेचणीतले कापसाचे तंतू नि पांदणीचा फुफाटा तिच्याखाली दबून बसतो. पातं उघडलेलं दिसतं, पण पत्ती पुरती सरकलेली नसते. जोर दिला की पातं बोटांवर मिटतं.

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून चाकू दहा मिनिटं बुडवा आणि पाण्यातच प्रत्येक पातं आठ-दहा वेळा उघडझाप करा. उरलेले तंतू कडुनिंबाच्या टोकदार काडीने काढा. राखेने घासू नका, कण सांध्यात शिरतात. संत्रं किंवा लिंबू कापलं असेल तर लगेच धुवा; स्टेनलेस म्हणजे डाग पडतच नाही असं नाही.

पूर्ण वाळल्यावर सांध्यात एकच थेंब तेल. घरात जवसाचं असतं म्हणून तेच घालाल, तर ते हवेने सुकून डिंकासारखं चिकटतं आणि महिन्याभरात चाकू पुन्हा अडतो. खोबरेल थंडीत गोठतं. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या, फळं कापायलाही चालतं. मग पातं उघडा, बोटं बाजूला ठेवून पाठ लाकडावर हलकी दाबा. लॉक सुटलं तर पुन्हा धुवा. तरीही सुटलं तर तो चाकू वापरायचा नाही.

धारेसाठी बारीक दगड ओला करा. १५ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून ५ मिलिमीटर उचलली की साधारण २० अंश होतात. दोन्ही बाजूंना सारखे हात मारा. दातेरी भाग मात्र दगडावर ओढू नका, दाते सपाट होतात. गोल काडीला १००० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून एकेक खाच आतून घासा, तीही तासलेल्या बाजूनेच. बाजारातल्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर तर देऊच नका. ठिणग्या उडून पातं निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं, आणि ते पुन्हा चढवणं गावच्या लोहाराच्या भात्यावर जमत नाही.