जुनी लष्करी रायफल शिकारीला नेताय? या चुका टाळा

माउझर, ली-एनफिल्ड, मोझिन-नागांत, स्प्रिंगफिल्ड. चिखलात, बर्फात, आपटत-धोपटत चालाव्यात म्हणून या रायफली बनल्या आणि आजही चालतात. ८×५७, .३०३, ७.६२×५४आर, .३०-०६ ही त्यांची काडतुसं मोठ्या हरणाला आणि रानडुकराला पुरून उरतात, म्हणजे ताकदीची अडचण नाही. अडचण ही की लष्कराच्या सोयीसाठी केलेल्या गोष्टी शिकारीत आडव्या येतात, आणि ते कळेपर्यंत जखमी जनावर झाडीत शिरलेलं असतं. शिकारीला कायद्याने परवानगी आहे आणि परवाना खिशात आहे, अशांसाठी हे लिहितोय.

लष्करी गोळी जनावरावर झाडणं

सगळ्यात वाईट चूक हीच. शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं १८९९ च्या हेग परिषदेत ठरलं. त्यामुळे लष्करी गोळीवर टोकापर्यंत धातूचं वेष्टन असतं. ती जनावराच्या आरपार जाते, छिद्र लहान पडतं, रक्ताचा माग धड मिळत नाही, आणि ते तासन् तास तडफडत मरतं. पलीकडे कोण उभं आहे याचाही भरवसा नाही. शिकारीसाठी मऊ टोकाची, आत शिरून फुलणारी गोळीच हवी. अनेक ठिकाणी कायदाही तेच सांगतो.

यावर काही जण ‘जुगाड’ करतात: लष्करी गोळीचं टोक कानशीने घासून शिसं उघडं करतात. हे कधीही करू नका. या गोळ्यांचं वेष्टन बुडाशी उघडं असतं. टोकही उघडं केलं की बार उडताना शिसं पुढे निघून जातं आणि रिकामं वेष्टन नळीत अडकून राहू शकतं. पुढच्या बाराला नळी फुटते.

काडतुसाचं नाव वाचून थांबणं

‘८ मिमी माउझर’ म्हटलं की झालं, असं नाही. १८८८ च्या मूळ नळीसाठी गोळीचा व्यास .३१८ इंच होता. १९०५ पासून तो .३२३ झाला. जाड गोळी अरुंद नळीत घातली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. याच भीतीने अमेरिकन कारखाने ८ मिमीची काडतुसं मुद्दाम सौम्य भरतात, हेही लांबचा नेम धरण्याआधी लक्षात असू द्या. रायफलीवरच्या शिक्क्यावर विसंबू नका, नळी मोजून घ्या.

स्प्रिंगफिल्ड १९०३ असेल तर क्रमांक बघा. स्प्रिंगफिल्ड शस्त्रागाराच्या ८,००,००० खालच्या आणि रॉक आयलंड शस्त्रागाराच्या २,८५,५०७ खालच्या रायफलींमध्ये पोलाद तापवताना चूक झाली होती, कारण तापमान कामगार नजरेने ठरवत. असा रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो सांगाडा, ठिसूळ असू शकतो. ती रायफल भिंतीवर छान दिसेल, तिथेच ठेवा.

हेडस्पेस न तपासणं

बोल्टचा (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) पुढचा भाग आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती मोकळीक आहे, हा हेडस्पेसचा खरा प्रश्न. कित्येक रायफलींचे बोल्ट डेपोत अदलाबदल झालेले असतात. बोल्ट आणि रिसीव्हरवरचे क्रमांक जुळत नसतील तर ही मोकळीक मोजणारं गेज लावल्याशिवाय बार काढू नका. जुळत असले तरी एकदा जाणत्या गनस्मिथला दाखवा. ली-एनफिल्ड नंबर ४ चं बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि त्यावर ० ते ३ असा आकडा कोरलेला असतो. आकडा वाढेल तसं डोकं लांब. म्हणजे मोकळीक जास्त निघाली तर लांब डोकं बसवून दुरुस्तीची वाट आहे.

रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं कवच) फेकण्याआधी उन्हात फिरवून बघा. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर थांबा. बारीक तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून आतून बुडाकडून वर ओढा; ते खाचेत अडकलं तर पुंगळी तिथून तुटायच्या बेतात आहे. .३०३ च्या लष्करी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) मुळातच सैल असतात, म्हणून या रायफलीत ही तपासणी मी प्रत्येक वेळी करतो.

सरावाला एक काडतूस, शिकारीला दुसरं

स्वस्तातल्या लष्करी काडतुसांवर नेम बसवायचा आणि रानात मऊ टोकाची गोळी न्यायची: यात दोन नुकसानं आहेत. एक, दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. दुसरं, जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की नळीत क्षार उरतो. क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि नळी आतून गंजते. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी नळीत कढत पाणी, मग कोरडी फडकी, मग तेल. बोल्टचं तोंडही पुसा. हे त्याच दिवशी, घरी पोचल्या पोचल्या.

मागच्या पट्टीवर आंधळा विश्वास

पहिल्या महायुद्धातल्या गेवेहर ९८ या जर्मन माउझरच्या मागच्या नेमपट्टीवरची सर्वात खालची खूण ४०० मीटरची आहे. १०० मीटरवर तिची गोळी वीतभराहून जास्त वर लागते, म्हणजे हरणाच्या पाठीवरून जाते. मोझिन ९१/३० चा नेम संगीन लावून बसवला जाई. संगीन काढली की गोळी सरकते. उपाय अवघड नाही: नळीच्या टोकावरची नेमाची माशी उंच बसवून घ्या, किंवा कागदावर झाडून गोळी नेमकी कुठे जाते ते लिहून ठेवा. आणि स्वतःशी प्रामाणिक राहा. हृदय-फुप्फुसाच्या जागेएवढ्या गोलात पाचही गोळ्या ज्या अंतरावर बसतात, ती तुमची मर्यादा. उघड्या माशीवर पुष्कळांसाठी ती १०० मीटरच्या आसपास येते.

घाईने कापाकापी

वजन कमी करायचं म्हणून पुढचं लाकूड कापतात. ली-एनफिल्ड नंबर ४ मध्ये ते लाकूड टोकाशी नळीला खालून आधार देतं. कापल्यावर गोळ्या विखुरतात. चाप हलका करायला आतले भाग घासणं त्याहून धोक्याचं, कारण धक्क्याने बार उडू शकतो. मोझिन सोडली तर चाप मुळात दोन टप्प्यांचा आहे, त्याची सवय करा. जुळते क्रमांक असलेल्या रायफलीला स्कोपसाठी भोकं पाडली की संग्राहक तिच्याकडे वळूनही बघत नाहीत.

बोल्ट जड चालत असेल तर बहुधा चेंबरमध्ये जुना कॉस्मोलिन (गंज टाळायला लष्कर लावायचं ते घट्ट ग्रीस) वाळून बसलाय. बोल्टवर हातोडी मारू नका; कॉस्मोलिन विरघळवून ब्रशने काढा.

मोझिनचा सेफ्टीचा खटका वेगळाच: मागची मूठ ओढून डावीकडे फिरवावी लागते, आणि हातमोजे घालून ते फार कठीण. म्हणून चालताना चेंबर रिकामी ठेवा, काडतूस थांबल्यावर चढवा.

निघण्याच्या आदल्या रात्री नळीला तेल लावून ठेवलं असेल तर सकाळी कोरडी फडकी फिरवा. तेलकट नळीतली पहिली गोळी बाकीच्यांपासून दूर लागते, आणि शिकारीत बहुतेक वेळा पहिलीच गोळी मिळते.