रात्री हात बधिर होऊन जाग येते? आधी मनगट सरळ ठेवा

रात्री दोन-अडीचला जाग येते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, मुंग्या आलेल्या. हात झटकला की जरा बरं वाटतं. असं होत असेल तर ते कार्पल टनेल सिंड्रोम असू शकतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस (संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू) जाते. तिथे सूज आली की नस दबते. करंगळीला ही नस जात नाही, त्यामुळे करंगळीही बधिर असेल तर मान आणि कोपर तपासून घ्या.

सुरुवात रात्रीपासून करा. झोपेत मनगट दुमडलं जातं आणि नसेवर दाब वाढतो. म्हणून मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधार, बांधून झोपा. दुकानातल्या बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी मागे वाकवलेली असते. ती बाहेर काढा, हाताने सरळ करा, मग परत घाला. पट्टे आवळू नका. निदान ६ आठवडे रोज वापरा. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

दिवसा कंडरांचा व्यायाम. मनगट सरळ ठेवून बोटं ताठ करा. मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून बोटांचा आकडा करा. परत ताठ. आता पूर्ण मूठ. परत ताठ. शेवटी बोटं मुळापासून काटकोनात वाकवा, वरचे सांधे सरळच. प्रत्येक स्थितीत ५ सेकंद थांबा. असं ५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबा. नस मोकळी करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समोर बसूनच शिका.

चेंडू दाबायचा व्यायाम मात्र आत्ता नको. ‘हात कमजोर झालाय, ताकद यायला हवी’ म्हणून अनेक जण तेच करतात आणि दुखणं वाढवून घेतात. पोळ्या लाटताना, स्कूटर चालवताना मधेमधे हात सैल सोडा.

कपबशी हातून निसटते, शर्टाची बटणं लागत नाहीत, बधिरपणा दिवसभर राहतो किंवा अंगठ्याच्या बुंध्याचा फुगीर भाग सपाट दिसतो, अशा वेळी व्यायामावर वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा, ते नसेची एनसीव्ही तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) सांगतील, कदाचित शस्त्रक्रियाही. मधुमेह, थायरॉईड किंवा गरोदरपण असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा.