मुठेवरचे पूल खालून कसे बघावेत

पुण्यात लकडी पूल ते संगम पूल हे अंतर पायी साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरतं. थांबत, बघत गेलात तर अडीच तास हाताशी ठेवा. डिसेंबर ते मे हा काळ चांगला. पाणी कमी असतं आणि खांबांचे पाय उघडे पडतात. सकाळी लवकर निघा. मुठा साधारण ईशान्येकडे वाहते, त्यामुळे सकाळी पुलाची प्रवाहाच्या खालच्या अंगाची बाजू उजळते. पाण्याचा मारा खाणारी वरची बाजू संध्याकाळीच नीट दिसते. सोबत दुर्बीण, वही आणि जाड तळव्याचे बूट घ्या, कारण पात्रात काचा पडलेल्या असतात.

सुरुवात लकडी पुलापासून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1761 मध्ये, इथे लाकडी पूल बांधला गेला. लाकूड कधीच गेलं, नाव राहिलं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा हा पूल पाण्याखाली होता.

पुढे पात्रात उतरलात की भिडे पूल लागतो. त्याचा रस्ता मुद्दामच पात्रालगत ठेवला आहे, म्हणून खडकवासला धरणातून पाणी सुटलं की तो बुडतो. पुण्यात ऊन असलं तरी धरणक्षेत्रातल्या पावसाने नदी चढते, तेव्हा आकाश बघून निघू नका, विसर्गाचा आकडा बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. पाणी पुलावर घोट्याइतकंच असलं तरी पलीकडे जाऊ नका: खाली कठडा तुटलाय की रस्ता खचलाय, काही दिसत नाही. पूर ओसरल्यावर मात्र जरूर जा. कठड्याच्या गजांत पिशव्या, चिंध्या आणि वाळलेली जलपर्णी अडकलेली असते. तो कचरा कुठपर्यंत आहे ते पाहा. पाणी निदान तेवढं चढलं होतं. आणि अशीच अडकलेली जलपर्णी खांबांवरचा दाब वाढवते, त्यामुळे ती वेळेवर काढणं फार महत्त्वाचं. पूर चालू असताना हे सगळं बघायचं असेल तर शेजारच्या झेड पुलावरून बघा.

खरा वेळ द्यायचा तो शिवाजी पुलाला. शनिवारवाड्याजवळचा हा दगडी पूल 1923 चा, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाचा. जुनी माणसं अजून त्याला नवा पूल म्हणतात. वरून गेलात तर काहीच हाती लागणार नाही. कमानीसमोर उभे राहा आणि माथ्यावरचा मधला दगड शोधा. दोन्हीकडचे पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि सगळं वजन खांबांत उतरवतात. आता कमानीच्या पोटाकडे दुर्बीण लावा. पांढरे ओघळ दिसले तर समजा, वरचं पावसाचं पाणी सांध्यांतून झिरपतंय आणि चुना विरघळवून खाली आणतंय. बहुतेक वेळा कारण साधं असतं: वरच्या पन्हळ्या मातीने बुजलेल्या असतात. दुसरी खूण पिंपळाची. फटीत बोटभर रोप असेल तोवर मुळासकट काढता येतं, मनगटाएवढं झालं की दगडच सरकवतं. नुसतं वरून छाटलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतं.

खांबाच्या तळाशी खड्डा पडलाय का तेही पाहा. खांबाला वळसा घालणारं पाणी भोवऱ्याने तिथली वाळू-गोटे उपसतं, आणि पूल पडतात ते बहुतेक वेळा असे पायातून. लांबी मोजायची तर पावलं मोजा; सरासरी शंभर पावलांचे 75 मीटर धरा.

डेंगळे पुलावर फार थांबायला नको. संगम पुलावरून मात्र शेजारचा रेल्वे पूल पाहा.

पाय चालत असतील तर रिक्षाने बंडगार्डनला जा. तिथला 1869 चा फिट्झगेराल्ड पूल मुळा-मुठेवरचा आहे, टोकांना सिंह आहेत. वाहनं बंद असल्याने मधोमध उभं राहून कठड्याचे दगड हाताने चाचपता येतात.