कंपनी पार्ट देत नाही? मग असं करा

घड्याळ दुरुस्तीला आलं की डायलवरचं नाव बाजूला ठेवा, आधी आतल्या मशीनचा नंबर काढा. नागपूरच्या सीताबर्डीतल्या माझ्या टेबलावर शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगतो. नावाने पार्ट मागितला की समोरचा हात वर करतो, नंबर सांगितला की निदान डबा तरी उघडतो.

स्विस ऑटोमॅटिकमध्ये आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, खाली प्लेटवर बघा. मशीन बनवणाऱ्या ईटीए कंपनीचा छाप आणि शेजारी २८२४-२ असं काही सापडेल. सेको या जपानी घड्याळात तर झाकणही उघडावं लागत नाही. मागे कोरलेल्या नंबराची पहिली चार अक्षरं म्हणजेच मशीन, जसं ७एस२६.

ईटीए ही स्वॉच ग्रुप या बड्या स्विस घड्याळ कंपनीची. २०१५ संपताना त्यांनी घाऊक व्यापाऱ्यांना पार्ट देणं बंद केलं, आणि आपल्यासारख्यांचा रस्ताच तुटला. कंपन्या पार्ट देत नाहीत ही युरोपातल्या कारागिरांची तक्रार बरीच वर्षं चालली, २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयानेही ती फेटाळली. आपल्याकडे मोटारींचे पार्ट खुल्या बाजारात न देण्यावरून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोकला होता, पण घड्याळजीने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? दर्जा सांभाळायचा म्हणून पार्ट देत नाही, हे कंपन्यांचं कारण मला तरी पटत नाही. परीक्षा घ्या ना आमची! पास झालो तर द्या.

असो. २८२४ अडलं तर सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीच्या एसडब्ल्यू२००-१ मशीनचे पार्ट मागवा. घडण तीच, बहुतेक पार्ट बसतात. तरी जुना आणि नवा पार्ट शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजल्याशिवाय बसवू नका. कोलकात्याच्या राधाबाजारातून किंवा मुंबईहून मागवताना फोनवर वर्णन करत बसू नका. मशीन नंबर आणि पार्टचा फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून, पाठवा.

सेकोवाल्यांचं सोपं आहे. ७एस२६ फारच झिजलं असेल तर एनएच३६ हे सेकोचंच अख्खं मशीन बाजारात उघड मिळतं. डायल आणि काटे जुनेच बसतात, वर हाताने चावीही देता येते. क्राऊन (चावी द्यायचं बटण) चारच्या बाजूला असेल तर तारीख-वाराच्या जुन्या चकत्या काढून नव्या मशीनवर चढवा, नाहीतर खिडकीत आकडे तिरके दिसतील. नव्या मशीनसोबतचा स्टेम, म्हणजे क्राऊनची दांडी, लांब येतो, आणि घाई इथेच नडते. मशीन केसमध्ये बसवा, स्टेमवर क्राऊन फिरवा, आत ढकला, केस आणि क्राऊनमध्ये उरलेली फट मोजा. त्याहून थोडं कमीच कापा. मग दगडावर घासत, पुन्हा बसवून बघत चला. क्राऊन केसला टेकला पाहिजे आणि तारखेच्या व वेळेच्या दोन्ही खिट्टीवर स्पष्ट थांबला पाहिजे. स्टेम आखूड झाला की गेला.

एचएमटी घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, त्यामुळे तिथे एकाचं काढून दुसऱ्याला लावणे हाच धंदा. जनता आणि पायलट या दोन्ही मॉडेलांत ०२३१ मशीन असतं, म्हणून जनताचा बॅलन्स पायलटला चालतो. पार्टसाठी घड्याळ घेताना चकचकीत रंगीत डायलला भुलू नका, तो बहुधा नंतर रंगवलेला असतो आणि आत मशीन थकलेलं. डायल खराब, काच फुटकी, पण हलवलं की बॅलन्स मोकळा डोलतो असा नग घ्या. खोलल्यावर पार्ट पुड्यांत बांधून वर नंबर लिहा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हाने तेल सुकलेलंच असतं, तेव्हा धुतल्याशिवाय काही ठेवू नका.

गिऱ्हाईक कधीकधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा कागद घेऊन येतं, त्यावर अख्खं मशीन बदलायचा भाव असतो. "काका, एवढ्यात तर नवं येईल!" अशा वेळी पार्ट कुठला लावणार ते काम घेण्याआधीच सांगा: ओरिजिनल, सेलिटाचा, की जुन्या घड्याळातला. बिलावर तेच लिहा आणि काढलेला पार्ट पुडीत घालून परत द्या.