एकाच पुस्तकाचे चार अनुवाद असतील तर कोणता वाचायचा, आणि मुळात चार होतात कशाला

कालिदासाचं मेघदूत मराठीत वाचायचं म्हटलं की पहिली अडचण हीच, की कुणाचं वाचायचं? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी केलंय, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते त्या चिंतामणराव देशमुखांनी केलंय, आपल्या नाशिकच्या तात्यासाहेबांनी म्हणजे कुसुमाग्रजांनी 1956 साली केलंय, बोरकरांनी केलंय, शांताबाई शेळक्यांनी केलंय, आणि यादी इथे संपत नाही. मग लोक म्हणतात एकदा चांगलं झालंय ना, मग परत परत कशाला? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण परत का केलं हे कळलं की आपण कोणता घ्यायचा तेही आपोआप कळतं.

सुरुवात आतल्या पानापासून करा, कव्हर बघून ठरवू नका. शीर्षकाच्या मागच्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल असतं ते बघा, नाहीतर कव्हर चकचकीत आणि आतला अनुवाद साठ वर्षांपूर्वीचा असं होऊ शकतं (त्यात वाईट काही नाही, पण आपल्याला माहीत पाहिजे). मग अनुवाद लिहिलंय, रूपांतर लिहिलंय की संक्षिप्त लिहिलंय ते बघा. संक्षिप्त असेल आणि तुम्हाला पूर्ण पुस्तक हवं असेल तर तिथेच ठेवून द्या.

रूपांतराचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच खरी गंमत आहे. ऑथेल्लो घ्या. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये मराठीत आणलं, नंतर 1890 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचंच झुंझारराव केलं, तिथे डेस्डिमोनाची कमळजा झाली आणि इयागोचा जाधवराव झाला, कारण देवलांना ते समोर बसलेल्या प्रेक्षकांसाठी उभं करायचं होतं, व्हेनिस कुठे आहे हे समजावत बसायला नाटकात वेळ नसतो. आणि मग 1961 मध्ये शिरवाडकरांनी परत केलं ते ऑथेल्लो याच नावाने, म्हणजे तोपर्यंत मराठी वाचक शेक्सपियर कॉलेजात शिकून आलेला होता, त्याला परकं नाव खटकत नव्हतं. तीन माणसांनी तीन वेगळ्या वाचकांसाठी काम केलंय, एकाने दुसऱ्याची चूक सुधारलीय असं नाही. त्यामुळे कोणतंही जुनं भाषांतर हातात आलं की आधी स्वतःला विचारा, हे कुणासाठी केलं होतं? मी त्यांच्यातला आहे का?

दुसरी गोष्ट, मूळ संहिता. आपण समजतो मूळ पुस्तक एकच असतं, तसं नसतं. मेघदूताचंच बघा, वल्लभदेव आणि मल्लिनाथ या दोन जुन्या भाष्यकारांपैकी वल्लभदेवाच्या टीकेत म्हणजे भाष्यात 111 श्लोक आहेत आणि मल्लिनाथाच्या पाठात, म्हणजे त्याने धरलेल्या मूळ मजकुरात, त्याहून जास्त, मग अनुवादकाने कोणता पाठ धरला त्यावर तुमच्या हातात काय येतं ते ठरतं. प्रस्तावनेत हे लिहिलेलं असेल तर तो अनुवादक काळजीवाला आहे असं मी धरतो. परदेशी पुस्तकांचं याहून अवघड, कारण आपल्याकडे बरंच काही इंग्रजीतून येतं. सिमोन द बोव्हारचं द सेकंड सेक्स फ्रेंचमध्ये 1949 चं, 1953 च्या इंग्रजी अनुवादात त्यातला बराच मजकूर गाळला होता, आणि पूर्ण इंग्रजी अनुवाद यायला 2009 उजाडलं. म्हणजे इंग्रजीवरून मराठी केलेलं पुस्तक घेताना कोणत्या इंग्रजीवरून हे विचारलंच पाहिजे, मराठी अनुवादकाने कितीही मेहनत घेतली तरी जे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही ते तो कुठून देणार.

आता प्रत्यक्ष तुलना. नाशिककरांना हे सोपं आहे, सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, तिथे ग्रंथपालांना लेखकाच्या नावाने न विचारता मूळ पुस्तकाच्या नावाने विचारा, म्हणजे जेवढे अनुवाद असतील ते सगळे समोर येतील. सगळे वाचायची गरज नाही. एकच जागा निवडा, शक्यतो जिथे दोन माणसं बोलतायत, आणि ती प्रत्येकातून मोठ्याने वाचा. वर्णन जुनं झालं तरी चालून जातं पण संवाद जुना झाला की लगेच कळतं, नवरा-बायको भांडताना शिलालेखासारखे बोलायला लागले की पुस्तक पुढे सरकत नाही. नव्या अनुवादाची निकड सगळ्यात आधी कादंबरी आणि नाटकात येते ती यामुळेच. कवितेत उलटं आहे, तिथे चाल बघा. मेघदूत मंदाक्रांता या वृत्तात आहे, ओळीला 17 अक्षरं, चार, सहा आणि सात अशी थांबत थांबत जाणारी. मराठीत अनुवादकाने ते वृत्त ठेवलंय की दुसरं घेतलंय की मोकळं सोडलंय हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही, आणि काहीतरी सोडल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येत नाही, वृत्त सांभाळलं तर अर्थाला मुरड घालावी लागते, अर्थ सांभाळला तर चाल सुटते. पुढचा कवी येऊन परत हात घालतो तो या सुटलेल्यासाठी. म्हणून कवितेला माझा सल्ला एकच अनुवाद निवडू नका, दोन शेजारी ठेवून वाचा. संस्कृत थोडंफार येत असेल तर मूळ श्लोकही मध्ये ठेवा.

कायद्याचं कारण थोडक्यात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, तो संपला की परवानगी लागत नाही म्हणून एकदम नवे अनुवाद येतात. हेमिंग्वे 1961 मध्ये गेला, म्हणजे ओल्ड मॅन अँड द सीवर 2022 पासून भारतात कुणीही काम करू शकतं. पण पुलंनी केलेलं एका कोळियाने हे त्यांचं स्वतःचं लेखन धरलं जातं, त्याचा हक्क वेगळा आणि अजून चालू आहे. तुम्हाला स्वतःला अनुवाद करायचा असेल तर मूळ मोकळं झालं म्हणून जुन्या मराठी अनुवादातली वाक्यं उचलू नका, आधी मूळ वाचून स्वतःचा पहिला खर्डा पूर्ण करा आणि मगच जुना अनुवाद उघडा.